वीज परत आली तेव्हा

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. कळवा–पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरच्या बिघाडातून सुरुवात झाली आणि बघता बघता महानगर बंद पडलं. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोविडचे दिवस होते, रुग्णालयांना जनरेटरवर यावं लागलं. काही भागांत दोन-अडीच तासांत वीज आली, काही उपनगरांना दिवस मावळेपर्यंत आणि त्यापुढेही वाट पाहावी लागली.

त्या दिवशी घराघरांतल्या माशांच्या टाक्यांच्या मोटरीही थांबल्या. पुढे ज्या टाकीचा घटनाक्रम दिला आहे ती मी रचलेली आहे. त्यातली माणसंही रचलेली आहेत. पण वीज गेली ती वेळ खरी आहे आणि त्या पाण्यात जे घडतं तेही खरं आहे. अशी टाकी मुंबईत कुठल्याही इमारतीत सापडेल. उलटी गणती मी संध्याकाळी सातला संपवली आहे, म्हणजे या घरात वीज परत आली त्या क्षणाला. टाकीवरचा खरा घाला तेव्हा पडला.

सुमारे १००० तास उरले (३१ ऑगस्ट, संध्याकाळ)

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर सत्तर लिटर, प्रत्यक्षात पाणी साठ लिटर. मासे चार, सगळे गोल्डफिश, शेपटी धरून तळहाताएवढे, प्रत्येकी अंदाजे पन्नास ग्रॅमचे. एवढ्या पाण्यात असे चार गोल्डफिश म्हणजे गर्दीच आहे, पण दुकानात हे कुणी सांगत नाही.

फिल्टर घेताना घरातल्या मुलांच्या वडिलांनी दुकानदाराला एकच गोष्ट विचारली, पाणी काचेसारखं कशाने राहील? दुकानदाराने कॅनिस्टर पुढे केला. टाकीखालच्या कपाटात ठेवायचा बंद डबा, त्याला दोन नळ्या. एका नळीतून पाणी खाली येतं, स्पंज आणि सेरॅमिक रिंगांमधून जातं आणि दुसऱ्या नळीतून वर ढकललं जातं. खोक्यावर छापलेलं, तासाला ६०० लिटर. हा आकडा बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज आणि रिंगा भरल्या आणि पाणी तीन-चार फूट वर चढवायचं म्हटलं की तो बराच खाली येतो. तरीही साठ लिटरला तेवढा प्रवाह पुरून उरतो. आवाज नाही, टाकीत अडगळ नाही, सहा-सहा आठवडे हात लावावा लागत नाही. वडिलांना ते पटलं.

कॅनिस्टर वाईट यंत्र नाही. मोठ्या टाक्यांना त्याच्यासारखं दुसरं नाही. पण फिल्टर चालू असताना काय करतो तेवढंच पाहून आपण तो घेतो. तो बंद पडला तर टाकीचं काय होईल, हे दुकानात उभं असतानाच विचारायला हवं, आणि लहान टाकीसाठी तर सगळ्यात आधी हेच विचारायला हवं. लहान टाकीत चूक सोसायला पाणीच नसतं.

फिल्टरचं मुख्य काम गाळ पकडण्याचं नाही. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकत असतात. मत्स्यपालनातला साधा हिशेब सांगतो की खाद्याच्या वजनाच्या तीनेक टक्के अमोनिया होतो. या चार माशांना दिवसाला दोन ग्रॅम खाद्य घातलं तर रोज साठ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम अमोनिया. हे विष रोजच्या रोज संपवतात ते स्पंजावर आणि रिंगांवर चिकटून राहणारे सूक्ष्मजीव. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतात असं वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं गेलं. टिमथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते नायट्रोस्पायरा करतात. पुढे २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच.

या जिवांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि त्यांना प्राणवायू लागतो, भरपूर. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त.

२३ तास उरले (रविवार, रात्री ८)

सहा आठवडे झाले. वस्ती बसली आहे, पाणी खरोखर काचेसारखं आहे. घरचे समाधानी आहेत आणि त्यांचं समाधान खोटं नाही. मासे खातात, अंगावर तेज आहे.

डबा मात्र एकदाही उघडलेला नाही. न विरघळलेलं खाद्य, विष्ठा, कुजकी पानं, सगळं आत साचलं आहे. वरचं पाणी स्वच्छ दिसतं कारण घाण नजरेआड गेली आहे. ती पाण्याबाहेर गेलेली नाही, त्याच पाण्याच्या वाटेवर बसून कुजते आहे आणि तिच्यावर जगणारे वेगळे जिवाणू प्राणवायू फस्त करत आहेत. मोटर चालू आहे तोवर ताजं पाणी येत राहतं आणि सगळ्यांचं भागतं.

९ तास उरले (सोमवार, सकाळी १०)

पंखा थांबला, वायफाय गेलं, मुलांचा ऑनलाइन वर्ग अर्धाच राहिला. कपाटातली मोटरही थांबली, पण तिचा आवाज नसल्यामुळे ती थांबल्याचंही कळलं नाही.

मुंबईत वीज गेली की ती लगेच येते असं आपण गृहीत धरतो. बारा-बारा तास लोडशेडिंग सोसलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या घराला इन्व्हर्टरचा विचार सांगावा लागत नाही. मुंबईकर फिल्टर घेतो तेव्हा हा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही.

त्याच मिनिटाला इमारतीत आणखी एका घरी पाणी सांडायला लागलं. तिथली हवेची मोटर टाकीपेक्षा खाली, जमिनीवर ठेवलेली. मोटर चालू असताना हवा नळीतून पाण्याला मागे रेटते. ती थांबली की पाणी नळीत चढतं आणि सायफन होऊन मोटरीत, तिथून जमिनीवर उतरतं. त्या पाण्यात एक्स्टेंशन बोर्ड असेल तर वीज परत येईल तेव्हा माणसाच्याही जिवाशी खेळ. हवेच्या नळीत बसवायचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अगदी किरकोळ पैशांत मिळतो. नाही तर मोटर पाण्याच्या पातळीच्या वर टांगावी, खर्चही नाही.

सव्वाआठ तास उरले (सकाळी पावणेअकरा)

आता डब्याच्या आत. दोन-तीन लिटर पाणी, चारी बाजूंनी बंद. पाण्यात प्राणवायू मुळात फार थोडा मावतो. २८ अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आतच. म्हणजे त्या डब्यात सगळा मिळून वीसेक मिलिग्रॅम. त्यावर जगणारे अब्जावधी जीव आणि सहा आठवड्यांचा गाळ. एवढा साठा फार टिकत नाही.

डबा स्वच्छ असता तर थोडा जास्त वेळ मिळाला असता. अमोनिया खाणारे जीव प्राणवायू संपल्या क्षणी मरत नाहीत, काम थांबवून काही तास तग धरतात. पण ज्यांना प्राणवायूशिवायही जगता येतं असे जिवाणू गाळात आता जोर धरतात, आणि ते जे तयार करतात ते या वस्तीलाही बाधतं, माशांनाही.

वर टाकीत मासे अजून मजेत आहेत.

७ तास उरले (दुपारी १२)

शहरात काही ठिकाणी वीज येऊ लागली आहे. या घरीही आत्ता आली असती तर बहुधा काहीच बिघडलं नसतं.

टाकीतल्या प्राणवायूचा ढोबळ हिशेब असा. साठ लिटरमध्ये साधारण साडेचारशे मिलिग्रॅम. माशांचं वजन दोनशे ग्रॅम, आणि एवढ्या उबेत किलोमागे तासाला दोनशे मिलिग्रॅम लागतात असं धरलं तर ताशी चाळीस. तळातला कचरा, काचेवरचे जिवाणू यांचा वाटा वेगळा. पृष्ठभागावरून हवा थोडा प्राणवायू परत देते, पण पाणी हलत नसेल तर तो वरच्या थरातच राहतो. आणि या टाकीवर दिव्यासकट प्लास्टिकचं झाकण गच्च बसवलेलं आहे. ते काढून बाजूला ठेवलं असतं तरी फरक पडला असता.

टाकी किती लिटरची हे सगळे विचारतात. तिचा वरचा पृष्ठभाग केवढा, हे विचारायला हवं. तेवढ्याच पाण्याची उंच, अरुंद, शोभेची टाकी अशा वेळी लवकर दगा देते.

५ तास उरले (दुपारी २)

चारही मासे वर आले आहेत. तोंड पृष्ठभागाला लावून उघडमीट करत आहेत. आजींनी ते पाहिलं आणि नातीला म्हणाल्या, "भुकेलेत गं, सकाळपासून कुणी काही घातलं नाही त्यांना." नातीने डबी आणली आणि दोघींनी मिळून नेहमीपेक्षा जरा जास्तच खाद्य घातलं.

यात दोघींचा काय दोष? गोल्डफिश एरवीही माणूस दिसला की तोंड वर करून येतो. ओळखायचं कसं, तर भुकेला मासा काचेजवळ येतो, तुमच्या हाताबरोबर हलतो. प्राणवायू कमी पडलेला मासा जागेवर तिरका लटकतो, तुमच्याकडे त्याचं लक्षच नसतं आणि कल्ले भराभर हलतात. तो वरच्या थरातलं, हवेला लागून असलेलं पाणी पितो आहे, कारण तेवढंच जगवू शकतं.

या वेळेला एक लोटा किंवा मग पुरेसा होता. टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि फूटभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं. पाच-दहा मिनिटं, मग अर्ध्या तासाने पुन्हा. पडणारं पाणी हवा ओढून नेतं आणि थर मोडतात. खाद्याचा कणही घालायचा नाही, मोठ्या माशाला दोन-तीन दिवस उपास सहज सोसतो. इथे उलट झालं. खाद्य पचवायला माशाला जास्त प्राणवायू लागतो, आणि जे खाल्लं गेलं नाही ते तळाशी कुजायला लागलं.

गोल्डफिश चिवट जात आहे. थंड पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसताना शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकण्याची विलक्षण सोय तिच्याकडे आहे. गोठलेल्या तळ्याखाली ती सोय दिवसचे दिवस उपयोगी पडते. ऑक्टोबरच्या उकाड्यात, २९ अंशांच्या पाण्यात, शरीराची मागणीच इतकी वाढलेली असते की तिचा आधार फार पुरत नाही.

४ तास उरले (दुपारी ३)

याच इमारतीत दोन मजले खाली एका कॉलेजच्या मुलाकडे तीन टाक्या आहेत. तिथे काय चाललंय ते नीट पाहू, कारण फिल्टरची निवड म्हणजे काय ते तिथे उघड दिसतं.

पहिली टाकी वीस लिटरची, तिच्यात एकटा फायटर मासा. फिल्टर स्पंजाचा, दुकानात मिळणारा सगळ्यात स्वस्त प्रकार. नळीतून हवा येते, बुडबुडे उभ्या पाइपातून वर चढतात, त्यांच्यामुळे पाइपातलं पाणी हलकं होऊन वर जातं आणि त्याच्या जागी नवं पाणी स्पंजातून आत ओढलं जातं. पाण्यात मोटर नाही, पातं नाही. फायटरची झालर ओढली जाईल असा जोर नाही. झिंगे किंवा गप्पीची पिल्लं आत खेचली जात नाहीत. आता तो बंद आहे. पण स्पंज टाकीतच आहे, सगळ्या बाजूंनी उघडा. टाकीच्या पाण्यात जोवर प्राणवायू आहे तोवर तो स्पंजालाही मिळतो. आणि फायटरला तर चिंताच नाही. तो थेट हवा घेतो. गुरामीही तसाच. त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर त्यासाठी वेगळं इंद्रिय असतं.

दुसऱ्या टाकीत गप्पी आणि मॉली आहेत. तिलाही स्पंज, दोन. मुलाने सव्वादहालाच हवेची नळी विजेच्या मोटरीतून काढून सेलवरच्या पंपाला लावली. दोन जाड सेलवर हा पंप तासन्‌तास चालतो. पॉवर बँकेवर चालणारे यूएसबी पंपही मिळतात. एक-दोन वॉटचा पंप भरलेल्या मोठ्या पॉवर बँकेवर रात्र सहज काढतो. स्पंज फिल्टरची खरी ताकद इथे आहे. त्याला लागते ती फक्त हवा, ती कुठूनही आली तरी चालते. कॅनिस्टरची मोटर अशी बदलता येत नाही. त्याला इन्व्हर्टरच हवा, आणि तो असेल तर दहा-पंधरा वॉटचा कॅनिस्टर त्याच्यावर बिनघोर चालवावा.

स्पंजाच्या उणिवाही आहेत. तो टाकीत जागा अडवतो, बुडबुड करतो, पाणी चमकवत नाही. गोल्डफिशसारख्या भरपूर घाण करणाऱ्या माशाला एक पुरत नाही, दोन मोठे लागतात. दोन असले की आणखी एक सोय होते. या आठवड्यात एक पिळायचा, पुढच्या आठवड्यात दुसरा, म्हणजे वस्ती कधीच पूर्ण मोडत नाही. पिळायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नळाखाली कधीही नाही.

तिसरी टाकी कासवाची. भारतीय कासवांच्या बहुतेक जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे दुकानांत दिसतं ते बहुतेक अमेरिकेतलं लाल कानाचं कासव. वीज जाण्याचं त्याला सोयरसुतक नाही, ते हवेतच श्वास घेतं. त्याचा प्रश्न वेगळा. तेवढ्याच वजनाच्या माशांपेक्षा ते कितीतरी जास्त घाण करतं, आणि खाण्याचे तुकडे पाण्यात फाडतं. त्याच्या टाकीला फिल्टर घेताना खोक्यावरचा लिटरचा आकडा प्रत्यक्ष पाण्याच्या दुप्पट-तिप्पट असावा. पाणी उथळ असेल तर आडवा ठेवला तरी चालेल असाच इंटरनल फिल्टर घ्यावा, नाही तर पाणी जरा उतरलं की मोटर कोरडी पडते आणि जळते.

वरच्या मजल्यावरच्या त्या चार गोल्डफिशना कुठला फिल्टर शोभला असता? माझं मत ठाम आहे. टॉप फिल्टर, म्हणजे टाकीच्या वर ठेवायची पेटी. छोटी मोटर पाणी पेटीत चढवते, ते स्पंज आणि रिंगांमधून झिरपून वरून टाकीत पडतं. पडताना हवा घेऊन जातं, म्हणजे रोजच प्राणवायूची चंगळ. वीज गेली की पेटीतलं पाणी खाली उतरून जातं आणि रिंगा ओल्या राहतात, हवेत. ओल्या आणि हवेशीर जागेत ती वस्ती बंद डब्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. शिवाय पेटी डोळ्यांसमोर असते, गाळ दिसतो, साफ करणं सोपं. दिसायला ती कॅनिस्टरइतकी ऐटबाज नाही, एवढंच. आणि तिच्याबरोबर एक स्पंज, सेलच्या पंपासाठी.

मागे लटकवायचा हँग-ऑन फिल्टरही साठ लिटरला बरा. त्याचीही पेटी वरून उघडी असते. घेताना एकच तपासावं, पाणी उतरल्यावर तो आपोआप सुरू होतो का. काहींना वीज आल्यावर हाताने पाणी ओतून द्यावं लागतं. तोवर ते कोरडेच घरघरत राहतात.

दीड तास उरला (संध्याकाळी साडेपाच)

वरच्या टाकीत सगळ्यात मोठा मासा कोपऱ्यात कलला आहे. मोठे आधी थकतात. पाणी किंचित दुधट झालं आहे, दुपारच्या खाद्यावर जिवाणू वाढल्याची ती खूण.

कपाटातल्या डब्यात प्राणवायू संपून आता काही तास उलटले. गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागला आहे, सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू. डबा उघडला असता तर नाकाला लगेच कळलं असतं. अगदी थोड्या प्रमाणातही तो माशांना घातक आहे.

टाकीत याच वेळी आणखी एक गोष्ट झाली आहे, ती दिसत नाही. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाणी न हलल्यामुळे साठला आणि पीएच घसरला. अमोनियाची दोन रूपं असतात. आम्लतेकडे झुकलेल्या पाण्यात तो बहुतांश अमोनियम होऊन राहतो, माशाला फारसा लागत नाही. पीएच एका अंकाने चढला की त्यातला जहरी भाग जवळजवळ दहापट होतो. दिवसभर फिल्टर बंद, अमोनिया साठतो आहे. घसरलेला पीएचच सध्या माशांना त्यापासून वाचवतो आहे.

शून्य (संध्याकाळी ७)

दिवे लागले. इमारतीतून ओरडा झाला. टीव्ही सुरू झाला, फोन चार्जिंगला लागले. कपाटातली मोटरही आपोआप सुरू झाली.

डब्यातलं नऊ तास कोंडलेलं पाणी पहिल्या मिनिटाभरात टाकीत आलं. काळपट गाळाचा एक लोट, मग गढूळपणा. कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ लागला तसा पीएच चढू लागला आणि दिवसभराचा अमोनिया जहरी रूपात आला. प्राणवायू वाढत होता, पण कल्ल्यांना जाळणारं विषही त्याच पाण्यात होतं.

मासे टाकीभर उसळले, काचेवर आदळले. घरच्यांना वाटलं, वीज आली म्हणून ताजेतवाने झाले.

४ तासांनंतर (रात्री ११)

मोठा मासा मेला. उरलेले तीन तळाशी, कल्ले लालभडक.

आत्ताही बरंच हातात होतं. मेलेला मासा लगेच बाहेर काढायचा. टाकीतलं अर्धं पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात आधी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात घालायचा. खाद्य बंद. मोटर बंद करून डबा उघडायचा, आतलं पाणी मोरीत ओतायचं, स्पंज आणि रिंगा टाकीच्या काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळायच्या. रिंगांच्या आतल्या भोकांत काही वस्ती अजून जिवंत असण्याची दाट शक्यता होती.

१४ तासांनंतर (मंगळवार, सकाळी ९)

दुसरा मासाही गेला होता. घरातल्या सगळ्यांना अतिशय वाईट वाटलं आणि त्यांनी मनापासून जे केलं त्यानेच उरलंसुरलं संपलं. टाकी पूर्ण रिकामी केली. काच, गोटे, डबा, स्पंज, रिंगा, सगळं नळाखाली घासून लख्ख धुतलं. नवं पाणी भरलं, थेट नळाचं.

नळाच्या पाण्यात जंतू मारायलाच क्लोरीन घातलेला असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन असावा लागतो. माणसासाठी तो हवाच, त्याच्यामुळे आपण पटकीपासून वाचतो. स्पंजावरच्या वस्तीला आणि आधीच भाजलेल्या कल्ल्यांना मात्र तो सोसत नाही. सहा आठवड्यांत बसलेली वस्ती त्या एका सकाळी वाहून गेली.

पाणी पुन्हा काचेसारखं दिसू लागलं.

४४ तासांनंतर (बुधवार, दुपारी ३)

आता रोजचा अमोनिया संपवणारं टाकीत कुणीच नाही. तिसरा मासा सकाळी गेला. चौथा, सगळ्यात लहान, तळाशी पंख मिटून बसून आहे.

नातीने दोन मजले खाली जाऊन विचारलं. तो मुलगा वर आला, टाकी पाहिली आणि स्वच्छ बादली मागितली. हायपो घातलेलं पंधरा लिटर पाणी, त्यात तो मासा, आणि मॉलीच्या टाकीतल्या दोन स्पंजांपैकी एक, ओलाच उचलून आणलेला, हवेची नळी जोडून. त्या स्पंजावर वस्ती कित्येक महिन्यांची आहे, तिला सहा आठवडे थांबायची गरज नाही, ती त्याच संध्याकाळी कामाला लागते. दोन दिवस खाद्य नाही, रोज एकतृतीयांश पाणी बदलायचं, असं त्याने आजींना सांगितलं. आजींनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

कॅनिस्टरचं काय करायचं, हे वडिलांनी विचारलं. फेकू नका, तो म्हणाला. महिन्यातून एकदा डबा उघडून टाकीच्या पाण्यात खळबळा. टाकीत एक स्पंज कायम असू द्या, तोही रोज हवेवर चालू, म्हणजे वस्ती दोन ठिकाणी राहील. सेलवरचा पंप कपाटातच ठेवा आणि सेल त्याच्याबाहेर, वेगळे, नाही तर गळून पंप खराब होतो. आणि वीज अर्ध्या तासात आली नाही तर कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवा, तो आपोआप सुरू होता कामा नये. वीज आल्यावर आधी डबा उघडा, वास घ्या, आतलं पाणी ओतून द्या, टाकीतलं पाणी भरा, आणि मगच प्लग लावा.